भर पावसात बोलोन्या, पायी

इटलीतील बोलोन्या हे शहर पावसाच्या दिवशीच पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. उन्हात ते देखणे दिसत असणारच. लाल विटांच्या भिंती आणि गेरूच्या रंगाची घरे यांना ऊन शोभतही असेल. परंतु हे शहर जसे बांधले गेले तसे का बांधले गेले, हे कळण्यासाठी वरून संततधार लागावी लागते. तेथील बहुतेक जुन्या रस्त्यांवर घरांच्या तळमजल्याचा पुढचा भाग मोकळा सोडून वरचे मजले खांबांवर आणि कमानींवर पेललेले आहेत, आणि त्या कमानींखालून लोकांनी जा-ये करायची असते. या आच्छादित वाटेला तेथे पोर्तिको म्हणतात. शहराच्या हद्दीतील सगळ्या पोर्तिकोंची एकत्रित लांबी ६२ किलोमीटर भरते, आणि त्यांतील निवडक १२ भागांना युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नोव्हेंबरमधल्या एका दिवशी, सकाळपासून रात्रीपर्यंत न थांबलेल्या पावसात, मी रेल्वे स्थानकापासून शहराबाहेरच्या टेकडीवरील सान लुकाच्या चर्चपर्यंत याच कमानींखालून चालत गेले, त्याची ही हकीकत आहे.

माझी भाची तेथील विद्यापीठात शिकते. मी फ्लॉरेन्सला होते, आणि हवामानखात्याचा अंदाज पाहून बेत पुढे ढकलावा की काय, असे तिला विचारले. तिचे उत्तर आले, "मावशी, उलट उद्याच ये. छत्री पिशवीतच राहू दे, रस्ता ओलांडण्यापुरती लागेल. बूट मात्र न घसरणारे घाल." या तीन वाक्यांत त्या दिवसाला लागणारी सगळी तयारी आली होती. बोलोन्याला पावसात येऊ इच्छिणाऱ्या कोणालाही मी हाच सल्ला देईन.

फ्लॉरेन्सहून सुटणारी जलद गाडी आपेनाइन पर्वतरांगेच्या पोटातून, जवळजवळ सगळे अंतर बोगद्यांतून कापत, चाळीस मिनिटांच्या आत बोलोन्याला पोहोचते. तेथे जलद गाड्यांचे फलाटही जमिनीखाली खोलवर असल्यामुळे बाहेर पाऊस आहे की नाही, हे सरकत्या जिन्यांनी वर आल्यावरच कळते. वर आल्यावर मी प्रथम प्रतीक्षालयात गेले. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी येथे बॉम्बस्फोट झाला आणि त्यात ८५ माणसे मृत्युमुखी पडली. भिंतीला पडलेले भगदाड बुजवून न टाकता काचेआड तसेच राखलेले आहे, शेजारी मृतांच्या नावांचा मोठा फलक आहे, आणि बाहेरच्या दर्शनी भिंतीवरील घड्याळ १०.२५ वर थांबवलेले आहे. गाडीची वाट पाहणारे लोक त्याच खोलीत सामान घेऊन बसलेले असतात. त्या फलकासमोर थोडा वेळ उभे राहिल्याशिवाय शहरात शिरू नये, असे मला वाटते.

स्थानकासमोरचा रुंद रस्ता ओलांडेपर्यंत छत्री उघडावी लागली. नंतर इंदिपेंदेन्झा मार्गाची पहिली कमान आली, मी छत्री मिटली, आणि तेथून शहराच्या मध्यापर्यंतचा एक किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता अंगावर फारसा थेंब न घेता चालून गेले. हा रस्ता १९ व्या शतकाच्या अखेरीस आखलेला असल्यामुळे येथील पोर्तिको उंच, रुंद आणि सरळ आहेत. एका बाजूला दुकानांच्या काचा, दुसऱ्या बाजूला खांबांची रांग, आणि खांबांपलीकडे कमानीच्या कडेवरून सलग गळणाऱ्या पागोळ्या, असे ते दृश्य होते. पावसाचा आवाज मात्र तिन्ही बाजूंनी येत होता, कारण वरच्या छपराचे पाणी आणणारे नळ खांबांना लागून खाली उतरतात आणि त्यांतून पाणी धो धो वाहत असते. पायांखालची जमीन गुळगुळीत घोटलेली, संगमरवराचे बारीक तुकडे बसवलेली असते. जेथे गल्ली आडवी येते आणि लोक ओले बूट घेऊन पुन्हा कमानीखाली चढतात, तेथील चार-सहा पावले जपून टाकावी लागतात. भाचीने बुटांचा विषय का काढला होता, ते पहिल्याच वळणावर समजले.

मला विशेष वाटले ते लोकांच्या वागण्याचे. आपल्याकडे पाऊस आला की पादचारी मिळेल त्या वळचणीला उभा राहतो आणि पाऊस ओसरण्याची वाट पाहतो. येथे कोणी थांबलेले नव्हते. म्हातारी माणसे काठी टेकत भाजी आणायला निघाली होती, आया बाबागाड्या ढकलत होत्या, दोन गृहस्थ खांबाला टेकून मोठमोठ्याने वाद घालत होते, आणि उपाहारगृहांची टेबले बाहेर मांडलेली होती. पावसामुळे या शहराचे काही अडले आहे असे दिसत नव्हते. आणि हे घडावे यासाठी १३ व्या शतकात कोणीतरी विचारपूर्वक कायदा केला होता.

त्या कायद्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या शहराचे मर्म त्यात आहे. बोलोन्याचे विद्यापीठ परंपरेने १०८८ सालचे मानले जाते आणि ते पाश्चात्त्य जगातील सर्वांत जुने विद्यापीठ समजले जाते. विद्यार्थी, शिक्षक, कारागीर आणि आसपासच्या खेड्यांतील लोक शहरात येत गेले तशी जागा अपुरी पडू लागली. मग घरमालक वरच्या मजल्याचे लाकडी वासे रस्त्यावर पुढे काढून खोल्या वाढवू लागले, आणि वासे फार पुढे आले की त्यांना खालून खांबांचा टेकू देऊ लागले. सरळ सांगायचे तर हे सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमणच होते. इतर अनेक शहरांनी अशी बांधकामे पाडून टाकली. बोलोन्याने १२८८ मध्ये उलट नियम केला: जेथे पोर्तिको होणे शक्य आहे तेथे प्रत्येक नव्या घराला तो असलाच पाहिजे, जुन्या घरांनी तो जोडून घेतला पाहिजे, त्याची उंची निदान सात बोलोन्यी फूट म्हणजे सुमारे २.६६ मीटर हवी, ज्यायोगे घोडेस्वाराला खालून जाता येईल, आणि त्याची देखभाल मालकाने करायची. जमीन मालकाची, वरच्या खोल्या मालकाच्या, पण खालून चालण्याचा हक्क सर्वांचा. पुढे १५६८ मध्ये लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडाचे खांब घालण्याचा हुकूम निघाला, आणि शहराला आजचे रूप मिळत गेले.

मुंबईकरांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. फोर्ट भागातील दादाभाई नवरोजी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, १८९६ च्या नियमानुसार प्रत्येक व्यापारी इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवणे बंधनकारक होते, आणि त्यामुळेच तेथे जुलैतल्या पावसातही बोरीबंदरपासून फ्लोरा फाउंटनच्या दिशेने बरेच अंतर कोरडे चालता येते. फरक व्याप्तीचा आहे. मुंबईत तो एका मार्गाचा नियम होता, बोलोन्यात तो संपूर्ण शहराचा धर्म झाला, आणि सात शतकांहून अधिक काळ पाळला गेला.

इंदिपेंदेन्झा मार्ग सोडून मी डावीकडच्या गल्ल्यांत शिरले, कारण पिएल्ला गल्लीतील खिडकी पावसात पाहण्याची इच्छा होती. भिंतीत एक लहानसे चौकोनी झडपेचे दार आहे. ते उघडले की पलीकडे घरांच्या पाठींमधून वाहणारा मोलिने कालवा दिसतो. पूर्वी या शहरात कालव्यांचे मोठे जाळे होते. रेनो नदीचे पाणी कासालेक्क्यो येथे बांध घालून शहरात आणलेले होते, आणि त्याच्या जोरावर पिठाच्या गिरण्या व रेशमाचे सूत पिळणारी यंत्रे चालत असत. बोलोन्याचे तलम रेशीम युरोपभर विकले जाई. २० व्या शतकात बहुतेक कालव्यांवर रस्ते घालण्यात आले आणि पाणी जमिनीखाली गेले. एरवी छायाचित्रांत हा कालवा शांत, हिरवट दिसतो. त्या दिवशी तो गढूळ तपकिरी होता, दोन्ही बाजूंच्या घरांच्या पन्हळी त्यात रिकाम्या होत होत्या, आणि पाणी भिंतींना घासत वेगाने चालले होते. खिडकीपाशी एरवी रांग लागते म्हणतात. पावसामुळे मला तेथे हवा तितका वेळ उभे राहता आले.

तेथून पियात्सा माज्जोरे हा मुख्य चौक जवळ आहे. मोकळा चौक ओलांडताना पुन्हा छत्री उघडली आणि सान पेत्रोनियोच्या चर्चमध्ये गेले. या चर्चचे काम १३९० मध्ये सुरू झाले आणि दर्शनी भाग आजतागायत अपुरा आहे: खालचा भाग पांढऱ्या-गुलाबी संगमरवराचा आणि वरचा भाग उघड्या, खडबडीत विटांचा. पावसाने विटा भिजून जवळजवळ काळ्या झाल्या होत्या आणि संगमरवर अधिकच उजळ दिसत होता, त्यामुळे काम नेमके कोठे थांबले ती रेषा दुरूनही ठळक कळत होती. आत जमिनीवर सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आहे. ज्योतिर्विद जोव्हान्नी दोमेनिको कास्सीनी यांनी ती १६५५ मध्ये आखली. २७ मीटर उंचीवरच्या छपरातील बारीक छिद्रातून सूर्याचा कवडसा भर दुपारी या पितळी रेषेवर पडतो आणि वर्षभरात तो रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो. त्या कवडशाच्या आकारात होणारा बदल मोजून कास्सीनी यांनी ग्रहांच्या गतीविषयीच्या केप्लरच्या सिद्धान्ताला आधार देणारी निरीक्षणे मिळवली. त्या दिवशी सूर्य नव्हता, कवडसा नव्हता, आणि म्हणून रेषेभोवती गर्दीही नव्हती. मला ती रेषा टोकापासून टोकापर्यंत, कडेला कोरलेल्या राशींची चिन्हे पाहत, सावकाश चालून पाहता आली. एवढी मोठी वास्तू हीच मुळी एक मोजमापाचे साधन झाली आहे, हे पायी चालल्यावर जसे जाणवले तसे वाचून कधी जाणवले नव्हते.

चर्चच्या कडेने जाणाऱ्या पोर्तिकोला पाव्हालियोने म्हणतात. त्याच ओळीत आर्किजिन्नाझियो ही १५६३ मध्ये पूर्ण झालेली इमारत आहे. विखुरलेले विद्यापीठ एका छताखाली आणण्यासाठी ती बांधली गेली आणि १८०३ पर्यंत विद्यापीठ येथेच होते. चौकाच्या भिंती, जिन्यांच्या बाजू आणि छते विद्यार्थ्यांच्या हजारो रंगीत कुलचिन्हांनी भरलेली आहेत. वरच्या मजल्यावर १६३७ सालचा शवविच्छेदनाचा सभागार आहे. संपूर्ण खोली लाकडाने मढवलेली असून मध्यभागी संगमरवरी टेबल आहे, भोवती चढत्या आसनांच्या ओळी आहेत, आणि प्राध्यापकांच्या आसनावरील छत्र एर्कोले लेल्ली यांनी घडवलेल्या दोन त्वचाहीन मनुष्याकृतींनी पेललेले आहे. त्यांचे स्नायू न् स्नायू लाकडात कोरलेले दिसतात. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ही खोली उद्ध्वस्त झाली होती. ढिगाऱ्यातून मिळाले तेवढे मूळ लाकूड वेचून ती पुन्हा उभी केलेली आहे. खिडकीवर पावसाचा मारा चालू असताना त्या बाकावर बसून मी बराच वेळ ती लाकडे न्याहाळत होते.

दुपारी भाची येऊन मिळाली. चौकाच्या पूर्वेकडे क्वाद्रिलातेरो नावाची जुनी बाजारपेठ आहे. तेथील गल्ल्या अरुंद आहेत आणि पोर्तिको मोजके आहेत, त्यामुळे दुकानांच्या कापडी छतांवरून ओघळणारे पाणी चुकवत चालावे लागले. बोलोन्याचे प्रसिद्ध तोर्तेल्लीनी, म्हणजे डुकराचे मांस आणि चीज भरलेल्या इवल्याशा पुरचुंड्या, गरम रश्शात वाढतात आणि अशा हवेत शेजारच्या प्रत्येक टेबलावर त्यांचीच वाफ दिसत होती. मी शाकाहारी असल्यामुळे ताज्या चीजचे सारण भरलेले मोठे तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजच्या पानांसह, मागवले. ते उत्तम होते.

जेवणानंतर दोन मनोऱ्यांकडे गेलो. अझिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच आहे, तर गारिसेंदा ४८ मीटर उंच असून त्याचा कल पाहताच भीती वाटावी इतका आहे. पाया खचल्यामुळे १४ व्या शतकातच त्याचा वरचा भाग उतरवावा लागला होता. ऑक्टोबर २०२३ पासून गारिसेंदाच्या सुरक्षिततेच्या चिंतेमुळे भोवतालची जागा बंद केलेली आहे आणि पायथ्याशी संरक्षक कुंपण घातलेले आहे, त्यामुळे तो दुरूनच पाहावा लागतो. इटालियन महाकवी दान्तेने नरकाच्या वर्णनात वाकणाऱ्या राक्षसाला याच मनोऱ्याची उपमा दिली आहे: कललेल्या बाजूखाली उभे राहून पाहावे आणि वरून उलट दिशेने ढग सरकत असावा, म्हणजे मनोराच आपल्यावर झुकतो आहे असे वाटते. समोरच्या कमानीच्या कडेशी उभे राहून आम्ही वर पाहिले. ढग खाली उतरलेले होते आणि वेगाने सरकत होते. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणातील अचूकपणा डोळ्यांनी पडताळता आला, आणि निरभ्र आकाशाखाली तो पडताळता आलाच नसता.

भाचीची तासिका होती, म्हणून ती विद्यापीठाकडे गेली आणि मी एकटी स्त्रादा माज्जोरे या जुन्या रस्त्याला लागले. काझा इझोलानी हे १३ व्या शतकातील घर मला त्या दिवशीच्या सगळ्या वास्तूंमध्ये अधिक महत्त्वाचे वाटले. लाकडी खांब काढण्याचा हुकूम निघाला तरी काही घरे त्यातून सुटली, त्यांतील हे एक. येथे पोर्तिको सुमारे नऊ मीटर उंच आहे आणि तो ओकच्या उंच, उभ्या खांबांवर पेललेला आहे. मी खांबाला हात लावून पाहिला. लाकूड दगडाइतके कठीण आणि थंड झालेले होते, उभ्या भेगांमध्ये बोटाचे टोक जाईल एवढी जागा होती, आणि पाय दगडी बैठकीवर टेकवलेला असल्यामुळे रस्त्यावरचे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नव्हते. वरच्या अंधारात कोठेतरी तीन बाण रुतलेले आहेत, अशी दंतकथा सांगतात आणि लोक माना वर करून ते शोधत उभे असतात. मला बाणांपेक्षा ती दगडी बैठक पाहून समाधान वाटले. पाऊस कोठून येईल, कोठे साचेल आणि लाकूड कोठून कुजेल, याचा हिशेब केलेल्या सुताराचे ते काम आहे.

याच रस्त्यावर पुढे सान्ता मारिया देई सेर्व्ही या चर्चच्या समोर चारी बाजूंनी पोर्तिकोने वेढलेले अंगण आहे. तेथील संगमरवरी खांब इतके सडपातळ आहेत की कमानी तोलल्या कशा गेल्या, असा प्रश्न पडतो. मधल्या उघड्या जागेत पाऊस पडत होता आणि चारी बाजूंनी विद्यार्थी बोलत फिरत होते. मग सान्तो स्तेफानोचा उतरता, गोट्यांनी फरसलेला चौक पाहून मी पश्चिमेकडे वळले. फारीनी मार्गावरून जाताना काव्हूर चौकातील बँकेच्या पोर्तिकोची छते रंगवलेली आहेत. पावसाळी काळोखामुळे दिवे दुपारीच लागले होते, त्यामुळे त्या चित्रांतील रंग नीट पाहता आले. पुढे साराग्वोत्सा मार्गाला लागल्यावर सेन्झानोमे नावाच्या गल्लीत थोडे आत गेले. शहरातील सर्वांत अरुंद पोर्तिको येथे आहे, रुंदी अवघी ९५ सेंटिमीटर. समोरून एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या. दोघींना एकदम जाता येणे शक्य नव्हते, म्हणून त्या खांबाआड सरकून मला हाताने "या" म्हणाल्या. एवढ्याशा घराच्या मालकालाही नियमातून सूट मिळालेली नव्हती.

साराग्वोत्सा वेशीच्या बाहेर जगातील सर्वांत लांब पोर्तिको सुरू होतो. ६६६ कमानी आणि सुमारे ३.८ किलोमीटर लांबी असलेली ही वाट आधी सपाटीवरून आणि मग टेकडी चढून सान लुकाच्या चर्चपर्यंत जाते. तिच्या बांधणीमागे पाऊसच आहे. १४३३ च्या उन्हाळ्यात पाऊस थांबेना आणि उभी पिके सडण्याची वेळ आली, तेव्हा टेकडीवरील मारियामातेचे चित्र मिरवणुकीने शहरात आणले गेले, आणि ५ जुलैला ते वेशीत येताच पाऊस थांबला, असे सांगतात. तेव्हापासून ते चित्र दरवर्षी खाली शहरात आणण्याची प्रथा पडली आणि ती आजही मे महिन्यात पाळली जाते. परंतु मिरवणूकच अनेकदा पावसात सापडू लागली, म्हणून सगळ्या वाटेवर छत घालायचे ठरले. २८ जून १६७४ रोजी पायाचा दगड बसला. आपल्या वारकऱ्यांनी आषाढाचा पाऊस अंगावर घेत चालणे हाच भक्तीचा भाग मानला. बोलोन्याच्या लोकांनी देवाची वाट छपराखाली आणली. १६७७ च्या ऑक्टोबरात लोकांनी शहरापासून टेकडीपर्यंत रांग धरून बांधकामाचे साहित्य हातोहात पोहोचवले. खर्च वर्गणीतून झाला: घराणी, व्यावसायिकांचे संघ, सामान्य नागरिक यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कमानी बांधून दिल्या, आणि चालताना त्यांचे लेख भिंतीवर वाचता येतात.

सपाटीचा भाग संपतो तेथे मेलोन्चेल्लोची कमान आहे. कार्लो फ्रान्चेस्को दोत्ती यांनी १७३२ मध्ये पूर्ण केलेली ही वास्तू म्हणजे खरे तर पादचारी पूल आहे: खाली वाहनांचा रस्ता आणि वर वळणावळणाने जाणारा आच्छादित जिना, त्यामुळे चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावेच लागत नाही. येथून चढ सुरू होतो. कोठे पायऱ्या, कोठे नुसता उतार, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघड्या कमानी, अशी रचना आहे. मध्येच प्रार्थनेची लहान दालने येतात, तेथे मी गुडघ्यांना विश्रांती दिली. वाऱ्याबरोबर पावसाचे तुषार आत येत होते, म्हणून भिंतीच्या कडेने चालणे बरे पडत होते. चढणाऱ्यांत जपमाळ घेतलेल्या वृद्ध स्त्रिया होत्या, आणि त्यांना ओलांडून धावत जाणारे व्यायामपटूही होते. कोणालाही दुसऱ्याची अडचण होत नव्हती. वर पोहोचायला मला वेशीपासून दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागला. चर्चमध्ये ते चित्र वेदीच्या मागे उंचावर आहे, चेहरे सोडून बाकी सगळे चांदीच्या पत्र्याने मढवलेले. बाहेर शहर दिसत नव्हते, ढगच दिसत होते.

उतरताना ऐकू येत होते ते ओढ्यांचे पाणी, आणि त्यामुळे या शहराची दुसरी बाजू लक्षात आली. याच टेकड्यांतून रावोने नावाचा ओढा निघतो आणि शहरात शिरल्यावर रस्त्यांखालच्या बंदिस्त वाटेतून वाहतो. १९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री अतिवृष्टीत त्याला ती वाट पुरली नाही. पाणी रस्ते फोडून वर आले आणि साफ्फी मार्गाच्या परिसरात घरांत, दुकानांत चिखल शिरला. १३ व्या शतकातील कायदेकारांनी वरून पडणाऱ्या पावसाची उत्तम व्यवस्था केली होती. जमिनीखाली लोटलेल्या पाण्याची व्यवस्था ही गेल्या शतकाने मागे ठेवलेली जबाबदारी आहे, आणि ती पोर्तिकोंइतक्याच गांभीर्याने उचलली जावी, असे मला मनापासून वाटते. भाचीच्या वर्गातील मुले तेव्हा फावडी घेऊन चिखल उपसायला गेली होती.

संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. इमारतीच्या दारात घरमालकांच्या बैठकीची सूचना चिकटवलेली होती आणि तिने ती मला वाचून दाखवली: समोरच्या पोर्तिकोची फरशी जागोजाग उखडली आहे, ती नव्याने घोटून घ्यायची आहे, आणि खर्च प्रत्येक घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जाईल.

"पण त्यावरून तर सगळे गाव चालते," मी म्हणाले, "मग पैसे यांनीच का भरायचे?"

"घरमालकीण काकूंना मीही हेच विचारलं होतं, मावशी," ती छत्री झटकत म्हणाली, "तर त्या म्हणाल्या, मग मी काय दुसऱ्यांच्या पोर्तिकोंखालून फुकट चालत नाही का?"